माशांच्या रोगाचा जिवाणू प्लेटवर येतच नाहीये (सोलापूर, एप्रिल, आणि वर ३७ चा इनक्युबेटर)

चादर_टॉवेल
नमस्कार मंडळी. सोलापुरात एम.एस्सी. मायक्रो करतेय, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टचा विषय आहे गोड्या पाण्यातल्या माशांचे जिवाणूजन्य रोग. मोहोळ तालुक्यात एका शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पटापट मरायला लागलीत. कल्ल्यांवर पिवळट चट्टे, कल्ल्यांच्या कडा झिजल्यासारख्या, पाठीवर आणि शेपटीकडं पांढुरकं कापूस लागल्यागत दिसतंय. मालक म्हणतात बुरशी आहे. मला कॉलम्नॅरिस वाटतोय, म्हणजे फ्लॅवोबॅक्टेरियम कॉलम्नेअर. कल्ल्याचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिपखाली बघितला तर लांब बारीक काड्या हळूहळू सरकताना दिसल्या, त्यामुळं संशय अजून वाढला.

पण प्लेटवर, म्हणजे अगर (जेलीसारखं खाद्य) ओतलेल्या बशीत, तो येतच नाहीये. न्यूट्रिएंट अगरवर एका रात्रीत सगळी प्लेट मळकट पांढऱ्या कॉलनींनी भरते, पिवळं नावालाही नाही. टीएसए (ट्रिप्टिक सॉय अगर) आणि ब्लड अगर या अजून पौष्टिक प्लेटींवर तर अजूनच गर्दी. इनक्युबेटर (प्लेटी ठराविक तापमानाला ठेवायची पेटी) ३७ अंशांवर असतो कारण त्यात बाकीच्यांच्या युरिन आणि पसच्या प्लेटी असतात, माझ्यासाठी कोण बदलणार. जाणकारांनी प्रकाश टाकावा, सबमिशन जवळ आलंय.

कडकभाकरी
मासे म्हटल्यावर धावत आलो तर इथं प्लेटवर वेगळंच काहीतरी वाढायलंय. निराशा झाली बे.

जुना_मायक्रोवाला
ताई, तुम्ही त्याला फार खाऊ घालताय. हा जंतू गरिबीत वाढणारा आहे. न्यूट्रिएंट अगरमध्ये लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन असतं, त्यावर एरोमोनास आणि स्यूडोमोनास हे पाण्यातले दुसरे जिवाणू असे सुटतात की याला उभं राहायला जागा उरत नाही. याच्यासाठी सायटोफागा अगर करा. लिटरला ट्रिप्टोन ०.५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.५, बीफ एक्स्ट्रॅक्ट ०.२, सोडियम अॅसिटेट ०.२, पीएच ७.२ ते ७.४. आणि अगर नेहमीसारखं १५ ग्रॅम घालू नका, ९-१० ग्रॅमच घाला. प्लेट जरा लिबलिबीत राहते पण त्याला तेच लागतं, तो पृष्ठभागावरून सरकत पसरतो, घट्ट कोरड्या अगरवर त्याला सरकता येत नाही.

रेडिमेड पावडर मागवायची गरज नाही, वरच्या सगळ्या वस्तू तुमच्या लॅबच्या कपाटात सापडतील. फक्त अर्धा ग्रॅम नीट मोजणारा वजनकाटा बघा.

शेततळेवाला
ताई तुमी वाढवा प्लेटवर पण आमाला सांगा औषध काय टाकायचं. आमच्याकडं पण असंच झालंय, शेततळं ३० बाय ३०, कटला आधी जातोय, मग रोहू, चिलापीला काय बी होत न्हाय. जंतू वाढवून काय करणार, आधीच लई वाढलेत की वो.

पेट्रीडिश_बाई
@चादर_टॉवेल, मीडिया (प्लेटमधलं खाद्य) नंतर, आधी तापमान. ३७ हे माणसाच्या अंगाचं. मासा थंड रक्ताचा, त्याचे जंतू त्याच्या पाण्याच्या तापमानाला सरावलेले. कॉलम्नॅरिसला २५ ते ३० ठेवा, मी २८ धरते. ३७ वर त्याचे काही स्ट्रेन (वाण) कसेबसे येतात, काही येतच नाहीत, आणि एरोमोनास मात्र मजेत वाढतो. म्हणजे तुमचा इनक्युबेटर स्वतःच निवड करून नको तो जंतू तुमच्या हातात देतोय.

आता खरी सोलापूरची अडचण. पुस्तकात लिहिलेलं असतं 'रूम टेंपरेचरला ठेवा'. ती रूम कुठली? आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये बाहेर ४० च्या वर, बंद लॅबमध्ये दुपारी ३६-३७ सहज. साध्या बॅक्टेरियॉलॉजिकल इनक्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. २८ वर काटा लावला तरी आतला थर्मामीटर खोलीएवढंच दाखवणार. डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, आत पाण्याच्या बाटलीत वेगळा थर्मामीटर बुडवून ठेवा आणि दुपारी तीनला जाऊन बघा. तुम्हाला बीओडी इनक्युबेटर लागेल, ज्याला कॉम्प्रेसर असतो. मायक्रोच्या लॅबमध्ये नसेल तर पर्यावरण विभागात चौकशी करा, पाण्याची बीओडी टेस्ट (पाण्यातले जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजणं) करणाऱ्यांकडं असतोच. पण ते २० किंवा २७ वर चालवतात, त्यांच्या बाटल्या आत असताना काट्याला हात लावलात तर भांडण होईल.

कडकभाकरी
सोप्पा उपाय, गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थांबा. जानेवारीत सोलापूरची रूम पुस्तकातल्या रूमसारखी होते.

चादर_टॉवेल
@पेट्रीडिश_बाई थर्मामीटर ठेवून बघते. बीओडी आमच्याकडं आहे पण कॉम्प्रेसर बंद पडलेला, आत आता जर्नल्स ठेवतात 😐
@कडकभाकरी जानेवारीत माझं लग्न ठरवतील घरचे, प्रोजेक्ट नाही.

उदगीरकर_मत्स्य
मी मत्स्य विज्ञानवाला, उदगीरचा. मीडिया आणि तापमान दोन्ही सल्ले बरोबर आहेत पण मला प्रश्न पडलाय की सॅम्पल कसं घेतलं? मेलेला मासा आणला का? उन्हाळ्यात मासा मेल्यावर तासा-दोन तासात कल्ले सडायला लागतात, मग प्लेटवर येतं ते रोगाचं नाही, सडण्याचं. मरायला टेकलेला, कडेला येऊन तोंड वर काढणारा, जाळीला विरोध न करणारा मासा घ्या. जिवंत आणता आला तर ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, नाहीतर लगेच कोरड्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फात. बर्फाचं पाणी माशाला लागता कामा नये आणि गोठवायचा तर अजिबात नाही.

लॅबमध्ये आल्यावर मासा उजव्या कुशीवर ठेवा, बाहेरून ७० टक्के अल्कोहोलनं पुसा, निर्जंतुक कात्रीनं गुदद्वाराच्या पुढून पोट उघडा. आतडं फुटू देऊ नका, फुटलं की सगळं मुसळ केरात. हवेचा फुगा बाजूला केला की पाठीच्या कण्याला चिकटून गडद लाल पट्टा दिसतो, ती किडनी. त्यात तापवून गार केलेला लूप (तारेचं कडं) खुपसायचा आणि थेट प्लेटवर रेघा ओढायच्या. कातडीवर आणि कल्ल्यावर पाण्यातले शंभर प्रकारचे जंतू बसलेले असतात, किडनीत निरोगी माशाच्या काही नसायला पाहिजे. त्यामुळं किडनीतून जे शुद्ध येतं तेच धरायचं, कल्ल्यावरचं नाही.

जुना_मायक्रोवाला
उदगीरकर, एरोमोनास किंवा एडवर्डसिएला (आतल्या अवयवांत शिरणारा अजून एक जिवाणू) असता तर तुमचं शंभर टक्के मान्य. पण कॉलम्नॅरिस मुळात बाहेरून खात जाणारा रोग, कातडी आणि कल्ले. बऱ्याचदा मासा मरतो तरी किडनी कोरी निघते. नुसत्या किडनीवर राहिल्या तर या ताईंना काहीच मिळणार नाही आणि त्या लिहितील 'जिवाणू आढळले नाहीत'. कल्ल्यावरूनच घ्यायचं, फक्त जखमेच्या मधून नाही, कडेवरून, जिथं चांगलं आणि खराब मांस भेटतं तिथून. आधी निर्जंतुक पाण्यात दोनदा खंगाळून.

उदगीरकर_मत्स्य
मान्य, कॉलम्नॅरिससाठी कल्ले हवेतच. पण किडनीची प्लेट सोडू नका असं माझं म्हणणं कायम. शेततळ्यात एकटा कॉलम्नॅरिस क्वचित भेटतो, कल्ले खराब झाल्यावर मागून एरोमोनास आत शिरतो. दोन्ही जागांच्या प्लेटी शेजारी ठेवल्या की कोण बाहेर आहे आणि कोण आत पोचलाय ते कळतं.

वाचनवेडा_विजापूररोड
थोडं इतिहासातलं. हा रोग १९२२ मध्ये डेव्हिस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं मिसिसिपी नदीच्या माशांवर पहिल्यांदा नोंदवला. मायक्रोस्कोपखाली जंतू खांबासारखे एकावर एक रचलेले दिसले म्हणून नाव कॉलम्नॅरिस. पण त्याला तो वाढवता आला नाही! पहिल्यांदा प्लेटवर आणला ऑर्डल आणि रकर यांनी १९४४ मध्ये. म्हणजे दिसल्यापासून वाढवेपर्यंत २२ वर्षं. चादरताई, तुमचं सबमिशन त्या मानानं लवकर होईल.

तेव्हापासून नावं किती बदलली बघा. बॅसिलस, मग कॉन्ड्रोकॉकस, सायटोफागा, फ्लेक्सिबॅक्टर, १९९६ मध्ये फ्लॅवोबॅक्टेरियम. आणि २०२२ मध्ये त्याचेच चार तुकडे केले, त्यातल्या एकाला डेव्हिसच्या नावावरून डेव्हिसिआय म्हणतात आणि एकाला तिलापियाच्या (आपली चिलापी) शास्त्रीय नावावरून ओरिओक्रोमिस. प्रबंधात नुसतं कॉलम्नेअर लिहिलंत आणि परीक्षक अपडेटेड निघाला तर तोंडीत पकडेल.

हिप्परगेकर
रचलेल्या खांबावरून आठवलं, इंग्रजीत त्याला गवताची गंजी म्हणतात. ज्यानं ज्वारीच्या रानात कडब्याचं बुचाड बघितलंय त्याला कव्हरस्लिपखाली लगेच ओळखू येतं. कल्ल्याचा तुकडा ठेवून पाच-दहा मिनिटं हलवायचं नाही, काड्या सरकत सरकत कडेला येऊन ढीग करतात, ढिगाची टोकं वळवळतात. चादर_टॉवेल, तुम्ही नुसत्या सरकणाऱ्या काड्या म्हणालात, ढीग दिसले का?

चादर_टॉवेल
ढीग बघायला थांबलेच नव्हते. उद्या बघते.

फिशटँक_सातरस्ता
माझ्याकडं गोल्डफिशला असंच झालं होतं, पाव टक्का मीठ टाकलं आणि बरे झाले. उगाच लॅब कशाला. शिवाय दुकानात टेट्रासायक्लिनची कॅप्सूल मिळते, टाकीत फोडून टाकायची, दुसऱ्या दिवशी क्लियर.

पेट्रीडिश_बाई
कॅप्सूल फोडून टाकीत????

उदगीरकर_मत्स्य
सातरस्ता, मिठाचं ठीक आहे, त्याला कारणही आहे, हा जंतू एक टक्का मिठात वाढत नाही आणि थोड्या मिठानं सुद्धा त्याला माशाला चिकटायला त्रास होतो. पण कॅप्सूलचा सल्ला कृपा करून देऊ नका. कोणता जंतू आहे ते माहीत नाही, त्याला ते औषध लागू पडतं का माहीत नाही, आणि टाकीतलं पाणी शेवटी गटारात जातं. खाण्याच्या माशात तर विषयच नको, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाला मत्स्यपालनात सरळ बंदी आहे. प्लेटवर वाढवायचा एक मोठा उपयोग हाच, शुद्ध कल्चर हातात आलं की औषधाच्या डिस्क लावून बघता येतं कशाला दबतो. त्यातही गोम अशी की याला नेहमीचं म्युलर-हिंटन अगर जड पडतं, पातळ करून घ्यावं लागतं, त्यामुळं डिस्कभोवतीच्या मोकळ्या वर्तुळाचे माणसाच्या जंतूंसाठी ठरलेले मिलिमीटर इथं लावून चालत नाहीत.

@शेततळेवाला, 'जंतू वाढवून काय करणार' याचं उत्तर यात आलं.

शेततळेवाला
आलं खरं, पण माझं मासं आज मरायलेत. प्लेट उगवंपर्यंत तळं मोकळं हुईल.

जुना_मायक्रोवाला
शेततळेवाले दादा, तुमचं बरोबर आहे आणि मी मायक्रोवाला असून सांगतो, तुमच्या तळ्याला आज प्लेटची गरज नाही. हा जंतू पाण्यात कायम थोडाफार असतोच. मासा दबला की चढतो. पाणी ३० अंशांचं झालं की त्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना नऊच्या पुढे असतो. त्यात दाट बीज सोडलेलं, खाद्य उरून तळाशी कुजतंय, अमोनिया वाढलाय, जाळं ओढताना खवलं निघालीत. खाद्य आजच बंद करा, पहाटे चार ते सहा हवा द्या कारण ऑक्सिजन तेव्हाच सगळ्यात कमी असतो, मेलेले रोज काढून चुना टाकून पुरा, जमलं तर थोडं ताजं पाणी. परमँगनेट टाकतात लोक, पण तळ्यात किती गाळ आहे त्यावर त्याचं प्रमाण ठरतं, अंदाजपंचे टाकून मासे गेलेले मी बघितलेत, त्यामुळं मत्स्य विभागाच्या माणसाला तळं दाखवून मगच.

शेततळेवाला
आभारी हाय सर. बीज दाट हाय हे खरंय, दुकानदार म्हणला थोडं मरतंच, जास्त सोडा.

कडकभाकरी
दुकानदाराचं गणित पक्कं हाय, जेवढं मरतं तेवढं परत विकायचं 😂

पेट्रीडिश_बाई
परत मूळ मुद्द्यावर. पातळ मीडिया केला तरी कल्ल्याच्या सॅम्पलमध्ये एरोमोनास येणारच. त्याला दाबायला सायटोफागा अगरमध्ये निओमायसिन लिटरला ५ मिग्रॅ आणि पॉलिमिक्सिन बी मिलीला २०० युनिट ही अँटिबायोटिक्स घालतात, मीडिया ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) होऊन ४५-५० अंशांवर उतरल्यावर, आधी नाही. पण दोन्ही प्रकारच्या प्लेटी लावा, औषधाची आणि बिनऔषधाची. प्रत्येक स्ट्रेन सारखा दणकट नसतो.

आणि सोलापुरात प्लेट वाळते हो. इथली हवा एवढी कोरडी की दुसऱ्या दिवशी अगर कडेनं सुटून वर येतं. ताजी ओतलेली प्लेट घ्या, पॅराफिल्म लावा, स्टीलच्या डब्यात ओला कापूस ठेवून त्यात प्लेटी उलट्या. बीओडी बंद आहे म्हणालात तर थर्माकोलच्या खोक्यात हा डबा आणि बाजूला बर्फाची पॅक, सकाळ-संध्याकाळ बदलायची, थर्मामीटर आत. दिसायला गावठी आहे पण २६ ते २९ मध्ये राहतं, मी स्वतः असं चालवलंय. २४ तासात काही दिसलं नाही तर टाकून देऊ नका, ४८ ते ७२ तास थांबा.

फिशटँक_सातरस्ता
कॅप्सूलचं ऐकलं, नाही टाकणार. एक शंका, हे घरी करता येईल का? प्रेशर कुकर आहे, चायना ग्रास (म्हणजे अगरच) आहे.

उदगीरकर_मत्स्य
नको. कॉलम्नॅरिस माणसाला काही करत नाही पण प्लेटवर तो एकटा येणार नाहीये. एरोमोनास कापलेल्या बोटातून शिरला तर हात सुजतो, एडवर्डसिएला टार्डानं माणसाला जुलाब झाल्याच्या नोंदी आहेत. टाकीत हात घालणाऱ्यांना अजून एक, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम, बोटावर महिनोन् महिने न बरी होणारी गाठ. ते पण ३० अंशांना वाढतं, ३७ ला धड वाढत नाही, म्हणून लॅबला 'मासे पाळतो' असं सांगितलं नाही तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. हातावर जखम असेल तर टाकी साफ करताना ग्लोव्ह घाला, एवढं केलंत तरी पुष्कळ.

हिप्परगेकर
लॅबवाल्यांनी पण वापरलेल्या प्लेटी बेसिनमध्ये धुवू नयेत, १२१ अंश १५ पौंडावर अर्धा तास ऑटोक्लेव्ह करूनच टाकाव्यात. तळ्यावरून आणलेलं पाणी पण. सगळं शेवटी नाल्यातून कुठल्यातरी तळ्यातच जातं.

कडकभाकरी
रविवारी भिगवणला चिलापी फ्राय खायचा बेत होता. हा धागा वाचून बायको म्हणतेय शेंगाचटणी भाकरी खाऊ.

पेट्रीडिश_बाई
कडकभाकरी, बिनधास्त जा. तळलेल्या माशात यातलं काही उरत नाही. फक्त कल्ला उघडून बघून घ्या, लाल हवा, आणि डोळा चकचकीत.

चादर_टॉवेल
अपडेट! उशीर झाला, मीडिया करण्यात आणि तळ्यावर जाण्यात वेळ गेला. थर्मामीटर ठेवला तर आमचा इनक्युबेटर, काटा २८ वर असताना, दुपारी ३६ दाखवत होता. मग थर्माकोलचं खोकं.

कल्ल्याच्या तुकड्यात ढीग दिसले, अगदी हिप्परगेकर म्हणाले तसेच, टोकं वळवळणारे. औषध घातलेल्या सायटोफागा प्लेटवर पहिल्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लेट तिरकी धरली तर फिकट पिवळे, पातळ, कडेनं मुळ्या फुटल्यासारखे डाग. लूपनं उचलायला गेले तर उचलले जाईनात, अगरसकट खरवडावं लागलं. २० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकल्यावर पिवळ्याचा लालसर तपकिरी झाला. किडनीच्या प्लेटवर दोन माशांत काही नाही, एकात क्रीम रंगाच्या गोल कॉलनी, ऑक्सिडेज टेस्ट पॉझिटिव्ह, बहुतेक एरोमोनास. म्हणजे उदगीरकर आणि जुना_मायक्रोवाला दोघंही बरोबर, भांडू नका.

आता पुढं काय करू? गाईड म्हणतात एवढं पुरे, सरळ नाव लिहून टाक.

जुना_मायक्रोवाला
झकास. एवढ्यावर नाव लिहू नका. ओळखीच्या पाच खुणा आहेत, निओमायसिन-पॉलिमिक्सिनमध्ये वाढ, पिवळी मुळ्यांसारखी कॉलनी, जिलेटिन विरघळवणं, काँगो रेड हा रंग शोषणं आणि कॉन्ड्रॉइटिन (कूर्चेतला पदार्थ) तोडणं. पहिल्या दोन झाल्या. जिलेटिन आणि काँगो रेड तुमच्या लॅबमध्येच होईल. कॉन्ड्रॉइटिन महाग आहे, ते राहू द्या. त्यापेक्षा १६एस सिक्वेन्सिंगला (जिवाणूच्या जनुकावरून ओळख) पाठवा, पुण्यात होतं. तो रिपोर्ट आला की चार तुकड्यांतला कुठला ते पण कळेल आणि वाचनवेड्यांचा परीक्षक गप्प बसेल. एरोमोनासला मात्र नुसत्या १६एसवर जातीपर्यंत नेऊ नका, 'एरोमोनास प्रजाती' एवढंच लिहा.

शेततळेवाला
ताई, म्हंजे बुरशी न्हवती तर. आमचं मरायचं कमी झालंय, खाद्य बंद केल्यापासनं आणि पहाटं मोटर चालवून पाणी उडवतोय. पुढच्या पावसाळ्यात बीज किती सोडायचं ते कुणी सांगंल का?

उदगीरकर_मत्स्य
दादा, तळ्याची खोली, पाणी किती महिने टिकतं आणि हवा द्यायची सोय काय आहे हे लिहा, वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर सांगतो.

चादर_टॉवेल
शेवटचा प्रश्न, पाठवायच्या आधी कल्चर टिकवू कसं? आमच्याकडं उणे ८० अंशांचा फ्रीजर नाही. स्लँट (नळीत तिरकं अगर) करून फ्रिजमध्ये ठेवू का?

पेट्रीडिश_बाई
फ्रिजमधल्या स्लँटवर तो फार दिवस तग धरत नाही. पातळ ब्रॉथमध्ये (अगर नसलेलं द्रव खाद्य) वाढवा, भांड्याला चिकटून गुठळ्या होतील, घाबरू नका, त्याचा स्वभावच तो. त्यात २० टक्के ग्लिसरॉल पडेल असं करून छोट्या व्हायल भरा आणि ज्यांच्याकडं उणे ८० आहे त्यांच्याकडं लगेच पाठवा, लेबलवर मासा, अवयव, तारीख, तळ्याचं तापमान. तोपर्यंत दर चार-पाच दिवसांनी ताज्या प्लेटवर बदला, पण उगाच जास्त वेळा नाही, सारखं बदलत राहिलं की मुळ्या जातात आणि गुळगुळीत गोल कॉलनी व्हायला लागते. तशी दिसली तर ती प्लेट पुढं नेऊ नका, आधीच्या व्हायलवरून परत सुरू करा.